एक मणी म्हणजे दहा श्वास

काही वर्षांपूर्वी गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरीच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या एका गावच्या प्राथमिक शाळेत मी अर्धा दिवस बसलो होतो. शिक्षकांच्या एका अभ्यासवर्गासाठी त्या भागात जाणे झाले होते, आणि परतीची मोटार दुपारी तीनला होती. पाचवीचा गणिताचा तास चालू होता. गुरुजींनी फळ्यावर मोठ्या हौसेने एक चित्रालेख काढला होता. शाळेतील प्रत्येक इयत्तेत किती मुले आहेत ते दाखविणारा. खाली कोपऱ्यात प्रमाण लिहिले होते : एक चित्र म्हणजे दहा मुले. पहिलीसमोर तीन माणसे, दुसरीसमोर दोन माणसे आणि तिसऱ्या माणसाचा उभा चिरलेला अर्धा भाग. (हे आकडे पुस्तकी होते. त्या शाळेत पाचही वर्ग मिळून एवढी मुले नव्हती.) दुसरीत किती मुले, असे गुरुजींनी विचारताच पुढच्या रांगेतून 'पंचवीस' असे उत्तर आले. पण मागे बसलेला एक मुलगा उठून उभा राहिला आणि त्याने अगदी काळजीच्या स्वरात विचारले, "गुरुजी, याचा अर्धा आंग कोठी गेला जी?"

वर्ग हसला. गुरुजी हसले. मीही हसलो. मोटारीत बसल्यावर मात्र त्या हसण्याची थोडी लाज वाटू लागली. मुलाने विचारले होते ते बरोबर होते. फळ्यावर माणूस काढायचा, त्याला हातपाय द्यायचे, आणि मग हा माणूस नव्हे, ही दहाची खूण आहे, असे म्हणून त्याला मधोमध चिरायचे. ह्या व्यवहारात विचित्र काही नाही असे ज्याला वाटते त्याने तो व्यवहार फार पूर्वी मुकाट्याने मान्य केलेला असतो. तो कोणी ठरविला, केव्हा ठरविला, आणि झाडीपट्टीतल्या मुलापर्यंत तो कोणत्या वाटेने आला, ह्याचा माग काढावा असे तेव्हापासून मनात होते.

आपल्या अंकगणितात ही मंडळी तशी नवखी आहेत. आपल्या वाडवडिलांचे गणित तोंडी होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी हे सगळे कानाने शिकायचे आणि जिभेने सांगायचे; त्यात डोळ्यांना फारसे काम नव्हते. संख्या उंचीने दाखवावी, ही कल्पना त्या परंपरेत कोठेच आढळत नाही. तिचा उगम शोधण्यास स्कॉटलंडकडे जावे लागते.

विल्यम प्लेफेअर हा गृहस्थ जेम्स वॅटच्या कारखान्यात नकाशे आणि आकृत्या काढण्याचे काम करीत असे. पुढे त्याने अनेक उद्योग केले. त्यांतले काही संशयास्पद होते, आणि १८२३ साली तो मेला तेव्हा त्याच्या गाठीला फारसे काही नव्हते. पण १७८६ साली त्याने लंडनला व्यापारविषयक एक आलेखसंग्रह प्रसिद्ध केला, आणि त्या एका पुस्तकाने त्याचे नाव राखले. त्यात एकंदर ४४ आलेख होते. त्यांपैकी ४३ आलेखांत वर्षामागून वर्ष सरकत जाणारी रेघ आहे. एकच आलेख वेगळा आहे, आणि तो वेगळा होण्याचे कारण मोठे मजेचे आहे. स्कॉटलंडच्या व्यापाराचे पुष्कळ वर्षांचे आकडे प्लेफेअरला मिळेनात. १७८० च्या नाताळापासून १७८१ च्या नाताळापर्यंतच्या एकाच वर्षाचे काय ते मिळाले. एका वर्षाची रेघ कशी ओढणार? म्हणून त्याने १७ देशांची नावे एकाखाली एक लिहून प्रत्येकासमोर दोन आडवे पट्टे काढले, एक आयातीचा आणि एक निर्यातीचा. पहिला म्हणून गणला जाणारा स्तंभालेख तो हा. त्याचा स्वतः प्लेफेअरला अभिमान नव्हता. ह्यात काळ दिसत नाही म्हणून हा आलेख कमी प्रतीचा, अशी त्याने त्याबद्दल जवळजवळ क्षमाच मागितली आहे. आपल्याकडे मुलांना आधी साधा स्तंभालेख शिकवितात आणि पुढच्या इयत्तेत जोडस्तंभालेख. इतिहासात जोडीचाच आधी जन्मला, आणि तोही माहिती अपुरी पडल्यामुळे. ही माहितीच्या अपुरेपणाची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

प्लेफेअर पट्टे ओढीत होता तेव्हा चांद्याचे गोंड राज्य जाऊन पस्तीस वर्षे झाली होती. १७५१ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांनी ते घेतले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे गेला. त्यानंतर ह्या मुलखाची मोजदाद सुरू झाली. १८६६ साली मध्य प्रांताची शिरगणती झाली; १८६९ साली मेजर ल्यूसी स्मिथ ह्याने चांद्याच्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचा मोठा अहवाल लिहिला; १९०९ साली जिल्ह्याचे गॅझेटिअर निघाले. त्या गॅझेटिअर-मालेची पद्धत अशी की 'अ' खंडात वर्णन आणि 'ब' खंडात निव्वळ कोष्टके. पाऊस किती, पीक किती, जंगलाचे उत्पन्न किती, माणसे किती आणि मेली किती, हे सारे रकान्यांत. तो 'ब' खंड ज्याने चाळला असेल त्याला ठाऊक आहे की पानामागून पान उलटावे आणि हाती काही लागू नये, असा तो प्रकार आहे. अहेरी जमीनदारीतल्या माडिया माणसाची त्यात गणती झाली, पण ती त्याच्यासाठी नव्हती. मोजणारा एकीकडे आणि मोजला जाणारा दुसरीकडे, अशी ही पहिली वाटणी.

मोजल्या जाणाऱ्या माणसालाच त्याचे आकडे दाखवावेत, आणि तेही अशा तऱ्हेने की शाळेत न गेलेल्यालाही कळावेत, हा विचार पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात जोमाने पुढे आला. ऑटो नॉयराथ हा तत्त्वज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ. १९२५ साली त्याने तेथे समाज आणि अर्थव्यवहार ह्यांचे एक संग्रहालय उभारले. मूर्ती नाहीत, नाणी नाहीत. भिंतींवर केवळ तक्ते. कामकरी लोकांनी यावे आणि आपल्या शहरात घरे किती बांधली, क्षयाने माणसे किती मेली, हे पाहून जावे. गेर्ड आर्न्ट्‌स हा चित्रकार चिन्हे कोरून देई. मारी राइडेमाइस्टर, म्हणजे पुढची मारी नॉयराथ, हिच्याकडे सगळ्यांत अवघड काम होते : शास्त्रज्ञांच्या कोष्टकांतून चित्राजोगे काय आहे ते निवडून त्याची मांडणी करणे. १९३४ साली राज्यक्रांतीच्या धामधुमीत ही मंडळी हेगला गेली, १९४० साली जर्मन फौजा तेथेही पोचल्या तेव्हा एका लहानशा बोटीतून इंग्लंडला निसटली. १९४५ च्या डिसेंबरात ऑटो वारला. आज जगातल्या प्रत्येक शाळेत चित्रालेख आहे. नॉयराथचे नाव क्वचितच कोठे आढळते.

त्याचा मुख्य नियम एकच होता, आणि तो आपल्या पाचवीच्या पुस्तकातही आहे, जरी तेथे तो नियम म्हणून सांगितलेला नसतो. संख्या वाढली म्हणजे चित्र मोठे करावयाचे नाही; तेच चित्र पुन्हा पुन्हा काढावयाचे. त्याआधी लोक चित्रे लहानमोठी काढीत. एका देशाजवळ दुसऱ्याच्या दुप्पट गुरे असली म्हणजे दुप्पट उंचीचा बैल काढीत. पण उंची दुप्पट केली की रुंदीही दुप्पट करावी लागते, नाहीतर बैलाचा जिराफ होतो. आणि मग कागदावर त्या बैलाने व्यापलेली जागा दुप्पट न होता चौपट होते. डोळा जागा पाहतो, आकडा उंची सांगतो. त्यातून पाहणाऱ्याने तो बैल खरा, हाडामांसाचा कल्पिला तर त्याचे वजन आठपट झाले पाहिजे! ज्याला फसवावयाचे आहे त्याला ही युक्ती फार सोयीची, आणि वर्तमानपत्रांतून ती अद्याप चालू आहे. नॉयराथने ती बंद केली. दुप्पट म्हणजे दोन बैल, सारख्या आकाराचे. मोजून पाहा.

शब्दांनी माणसे एकमेकांपासून दूर जातात, चित्रांनी जवळ येतात, अशी त्याची श्रद्धा होती. ती भोळी होती असे मला वाटते, आणि ते त्याच्या बायकोलाच पुढे अनुभवाने कळले असावे. १९५० नंतरच्या वर्षांत मारी नॉयराथला पश्चिम नायजेरियाच्या सरकारने बोलाविले. व्हिएन्नात बनविलेली माणसाची काळी सावली तेथे चालेना. माणूस, घर, झाड, सगळी चिन्हे तेथल्या लोकांच्या डोळ्यांना ओळखू येतील अशी नव्याने करावी लागली. म्हणजे चित्रालाही बोली असते. आरमोरीकडच्या त्या मुलाला फळ्यावरचा माणूस ओळखता आला, त्याचे चिरणे ओळखता आले नाही, एवढेच.

आता चांद्याकडे परतू. चित्रालेखाचे मर्म चित्रात नसून कोपऱ्यात लिहिलेल्या त्या एका ओळीत आहे : एक चित्र म्हणजे इतके. एका वस्तूने अनेक वस्तूंच्या जागी उभे राहावे, हा तो करार. ही कल्पना ह्या मुलखाला नवी होती काय? माझ्या समजुतीने मुळीच नव्हती. सावलीचे उदाहरण घ्या. चांदा जिल्ह्यातल्या ह्या गावी चरखा संघाचे खादीचे केंद्र होते. १९३६ साली गांधी सेवा संघाची सभा तेथे भरली आणि गांधीजी तेथे येऊन राहिले. त्याच्या पुढच्या वर्षी शेजारच्या वर्ध्याला नई तालीमची परिषद झाली. सूतकताईच्या हिशेबात चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. बायका गुंड्या आणून देत आणि गुंड्यांवर मजुरी घेत. तारा कोणी मोजीत बसत नसे, पण गुंडीत ६४० तारा आहेत हे सर्वांना ठाऊक असे. नई तालीमच्या शाळांत मुले आपल्या रोजच्या सुताची नोंद ठेवीत, आणि त्यांचे गणित त्या नोंदीतून निघे. त्या शाळा मागे पडल्या. त्यांच्याबरोबर गणिताची ही एक चांगली वाटही बुजली, ह्याबद्दल मात्र फारसे कोणी हळहळले नाही.

तेंदूपानाचा हिशेब आणखी जवळचा आहे. मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात जो गेला असेल त्याने फळी पाहिली असेल. फळी म्हणजे पाने विकत घेण्याचे ठिकाण; गावाबाहेरचे उघडे मैदान. पहाटे, अंधार असतानाच घरची सगळी माणसे जंगलात जातात. उन्ह चढण्यापूर्वी पाने घेऊन परत येतात. मग सावलीत बसून पुडकी बांधतात. पान पानावर ठेवून सत्तर पाने झाली की सालीच्या दोरीने बांधावयाचे. लहान मुलेसुद्धा पाने लावून देतात, त्यांची बोटे भरभर चालतात. संध्याकाळी पुडकी फळीवर नेऊन उन्हात वाळण्यासाठी ओळींनी मांडतात, आणि मुनशी त्या ओळींमधून चालत शेकड्याने मोजतो. भाव शेकड्याचा असतो, म्हणजे शंभर पुडक्यांचा, म्हणजेच सात हजार पानांचा. हजार पुडक्यांची एक प्रमाणित गोणी. सत्तर हजार पाने.

त्या मैदानाच्या कडेला उभे राहून पाहावे. सारख्या आकाराच्या वस्तूंच्या सरळ ओळी. प्रत्येक वस्तू सत्तरांच्या जागी उभी. ज्या घराची ओळ लांब त्या घराची कमाई जास्त. नॉयराथने हे पाहिले असते तर तो आनंदाने नाचला असता. एका घराने दीडशे पुडकी आणली तर पाने किती, हे दहा वर्षांचे पोर सांगू शकेल की नाही ह्याची मला खात्री नाही. पण दीडशे पुडकी म्हणजे दीडशे पाने, असे ते कधीही म्हणणार नाही. आणि शहरातल्या उत्तम शाळांतली मुले चित्रालेख वाचताना नेमकी हीच चूक करतात : चार मोटारींची चित्रे दिसली की चार मोटारी म्हणून मोकळी होतात, प्रमाणाची ओळ वाचीतच नाहीत.

असे असून आमचे पुस्तक ह्या मुलाला कोणती चित्रे देते? पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, पुण्यास १९६७ च्या जानेवारीत स्थापन झाले. पाचवीला चित्रालेख आणि सहावीला स्तंभालेख, असा क्रम तिच्या पुस्तकांत बरीच वर्षे होता. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने माहिती गोळा करणे आणि मांडणे हा विषय प्राथमिक शाळेत पक्का बसविला. दिल्लीच्या पुस्तकांनी तर चौथीतच वर्तुळाचे भाग पाडून त्याला चपातीचा आलेख असे नाव दिले, ते मला फार आवडले. हे सगळे चांगलेच झाले. पण उदाहरणे बहुधा रस्त्यावरच्या वाहनांची, आवडत्या खेळांची, दुकानात विकल्या गेलेल्या फुग्यांची. एका राज्याला एक पुस्तक म्हटले की हे व्हावयाचेच. पुस्तकाला दोष देऊन भागत नाही, पुस्तक बाजूला ठेवून फळीवर जाण्याचे काम गुरुजींचे आहे. गुरुजींची अडचणही लहान नसते. भामरागड-एटापल्लीकडे मूल घरी माडिया बोलते. उंदी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग असे त्याचे एक ते पाच असतात, उच्चार गावागणिक थोडे बदलतात. मोठ्या संख्यांना शेजारच्या भाषांचे शब्द लागतात. 'स्तंभालेख' हा शब्द त्याला तर परका आहेच, पण खरे म्हणजे तो त्याच्या गुरुजींनाही पुस्तकातच भेटलेला असतो. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ साली शाळा सुरू केली तेव्हापासून हा भाषेचा प्रश्न ह्या भागात चर्चेत आहे, आणि धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळाच काढली.

पण एका वस्तूने अनेकांच्या जागी उभे राहण्याची ह्या जिल्ह्यातली सर्वांत मोठी गोष्ट शाळेत घडली नाही. ती झोपडीत, आजारी बाळाच्या उशाशी घडली.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ साली गडचिरोलीला 'सर्च' ही संस्था काढली. लहान मुले न्युमोनियाने पटापट मरत होती. न्युमोनिया ओळखण्याची साधी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाने मिनिटाला साठ किंवा अधिक वेळा, त्याहून मोठ्या बाळाने पन्नास किंवा अधिक वेळा श्वास घेतला तर धोका. हे मोजणार कोण? डॉक्टर तर कित्येक कोस दूर. गावात असत त्या सुइणी. हात अनुभवी, पण अक्षरओळख नाही, आणि दहा-बाराच्या पुढे अंक नाहीत. घड्याळ पाहता येत नाही. आता साठ कसे मोजावयाचे?

त्यांच्यासाठी एक साधन बनविण्यात आले. मिनिटभराची वाळूची घटिका आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळासाठी आणि एक मोठ्या बाळासाठी. घटिका उलटी करावयाची, बाळाच्या पोटाकडे पाहत दहापर्यंत मोजावयाचे, दहा झाले की एक मणी सरकवावयाचा आणि पुन्हा एकपासून आरंभ. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक लाल मणी. तान्ह्याच्या ओळीत तो सहावा, दुसऱ्या ओळीत पाचवा. वाळू संपण्याच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर न्युमोनिया समजावा आणि औषध सुरू करावे.

ह्या साधनाचे मला किती कौतुक वाटते ते सांगणे कठीण आहे. साठ ही संख्या त्या बाईला कधी उच्चारावी लागली नाही. तिच्यासमोर मण्यांची एक ओळ वाढत गेली, लाल मण्यापर्यंत पोचली किंवा पोचली नाही, आणि त्यावर तिने बाळाबद्दलचा निर्णय केला. हा चित्रालेख आहे, प्रमाण एक मणी म्हणजे दहा श्वास. आणि तो नुसता वाचलेला नाही, तिने स्वतः काढलेला आहे. फळ्यावरच्या अर्ध्या माणसाचा प्रश्नही येथे उद्भवत नाही, कारण मणी चिरता येत नाही. सात श्वास उरले तर ते उरले, लाल मणी हलला नाही एवढे पुरे. वर्गात ज्याला आपण आलेखाचे वाचन म्हणतो ते शेवटी हेच असते : ओळ कोठपर्यंत आली, आणि तेथपर्यंत आली ह्याचा अर्थ काय.

पुढे ह्याच संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले आणि नवजात बाळांची घरोघर काळजी घेण्याचा प्रयोग केला. ३९ गावांत ही सेवा दिली. तुलनेसाठी ४७ गावे निराळी ठेवली. १९९३ ते १९९५ ह्या काळात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे पहिल्या अठ्ठावीस दिवसांत सेवेच्या गावांत ६२ आणि दुसऱ्या गावांत ५८ बाळे मरत होती. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, हे आकडे सुमारे २५ आणि सुमारे ६० असे झाले. हा वृत्तांत १९९९ च्या डिसेंबरात लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात छापून आला.

मी एकदा शिक्षकांना ह्या चार आकड्यांचा जोडस्तंभालेख काढावयास सांगितला. प्रमाण एक सेंटिमीटर म्हणजे दहा बाळे. पहिली जोडी जवळजवळ सारखी, दोन्ही स्तंभ सहा सेंटिमीटरांच्या आसपास. दुसऱ्या जोडीत एक तसाच उभा आणि दुसरा अडीच सेंटिमीटरांवर थांबलेला. काढून झाल्यावर विचारले, ह्यात चांगले कोणते? एक तरुण गुरुजी चटकन म्हणाले, उंच आहे ते. त्यांचा दोष नाही. पुस्तकातले सगळे स्तंभ धावांचे, गुणांचे, विक्रीचे. उंच तो जिंकला, ही सवय मुलांना नव्हे, आपल्यालाच आधी लागते. स्तंभ कशाचा आहे हे पाहिल्यावाचून उंचीला अर्थ नाही. वर्गात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या एक बाई म्हणाल्या, "म्हणजे प्रत्येक सेंटिमीटरात दहा लेकरं आहेत." त्यांनी तेवढे म्हटले आणि पट्टी खाली ठेवली.

आता प्लेफेअरच्या अपुऱ्या माहितीकडे यावयाचे म्हणालो होतो ते येथे. त्याला निदान ठाऊक होते की आपल्याजवळ एकच वर्ष आहे, आणि तसे त्याने लिहून ठेवले. बालमृत्यूच्या सरकारी नोंदींत ही कबुली नव्हती. २००१ साली महाराष्ट्रातल्या १३ स्वयंसेवी संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' ह्या नावाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांनी आपापल्या गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहून ठेवला होता; त्यावरून असे दिसले की कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदीपर्यंत पोचतच नव्हते. म्हणजे मुंबईच्या कचेरीतला स्तंभ ठेंगणा दिसत होता, पण बाळे वाचली म्हणून नव्हे. ती नोंदली गेली नव्हती म्हणून. ज्या खोपटातले बाळ नावही ठेवण्याच्या आधी गेले त्याचे चिन्ह कोठल्याच ओळीत आले नाही. अर्धा माणूस निदान अर्धा तरी दिसतो. शिरगणतीच्या काळापासून ह्या जंगलातली माणसे दुसऱ्यांनी मोजली. येथे पहिल्यांदा गावातल्याच बाईने वहीत लिहिले आणि त्या वहीने वरच्या कोष्टकाला खोटे पाडले. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा ह्यांच्या आधाराने पुढे कित्येक ग्रामसभा तेंदूपाने स्वतः विकू लागल्या, तेव्हा फळीचा हिशेबही गावाच्या वहीत आला. आता ती वही वाचणारी मुले हवीत, आणि ती पाचवीच्या वर्गातूनच यावयाची.

म्हणूनच धानोऱ्याकडच्या एका शाळेतली सकाळ मला वारंवार आठवते. तेथल्या बाईंनी पुस्तक मिटून ठेवले होते आणि मुलांना गावातली जनावरे मोजून आणावयास सांगितली होती. व्हरांड्यातल्या सारवलेल्या जमिनीवर चिंचोके मांडावयाचे. एक चिंचोका म्हणजे पाच. बैलांची ओळ झाली, गाईंची झाली. शेळ्या भरल्या तेवीस. चार चिंचोके ठेवून झाले आणि तीन शेळ्या उरल्या. मी मनात म्हटले, आता चिंचोका फुटणार! पण एक मुलगी उठली, खिचडीच्या तांदळाच्या डब्यातून तीन दाणे घेऊन आली आणि तिने ते चिंचोक्यांच्या पुढे ओळीने ठेवले. हे काय, असे बाईंनी विचारले तेव्हा ती म्हणाली, "पुडक्यात नाही बसली तं सुटी पानं अलगच ऱ्हायते ना जी." बाईंनी खडूने खाली दोन ओळी लिहिल्या : एक चिंचोका म्हणजे पाच शेळ्या, एक तांदूळ म्हणजे एक शेळी.

मुले कोंबड्यांच्या ओळीकडे वळली तेवढ्यात अंगणातली एक खरी कोंबडी पायरी चढून आली आणि तिने टकाटक दोन दाणे टिपले. एकच गलका झाला. शेळ्या आता एकवीस राहिल्या, असे एक मुलगा ओरडला. "तेवीसच हायेत," ती मुलगी म्हणाली, "मी मोजून आल्ये." आणि डब्यातून आणखी दोन दाणे काढून तिने ते पुन्हा जागेवर ठेवले.